पुस्तक मुलांचं, काळजी मोठ्यांची

समजा, तुम्हाला एखाद्या देशाचा इतिहास समजून घ्यायचाय. काय वाचाल? युद्धं, तह, नेत्यांची भाषणं. आम्ही म्हणू, त्याच्या जोडीला लहान मुलांची पुस्तकंही वाचा. कारण ती लिहितात मोठी माणसं, छापतात मोठी माणसं आणि विकतही मोठीच माणसं घेतात. मुलांनी कसं व्हावं, कुणाला घाबरावं, हे त्या काळातले मोठे त्यात सांगून जातात, कधीकधी नकळत. जर्मन बालसाहित्यात हे फार स्पष्ट दिसतं.

ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करू. हान्सेल आणि ग्रेटेल. घरात खायला नाही म्हणून आईवडील मुलांना जंगलात सोडून येतात. ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली आला, तेव्हा ती बाई मुलांची सख्खी आई होती. १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हिमगौरीच्या आईचंही असंच झालं, तेही आधीच, १८१९ मध्ये. मधे काय बदललं? वाचक. लोककथा जपायच्या म्हणून सुरू झालेला संग्रह हळूहळू मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांच्या हातात गेला. त्या घरांत आई म्हणजे माया. मग सख्खी आई अशी वागते, हे छापायचं कसं? गोष्टीतली भूक तशीच राहिली, दोष मात्र सावत्र आईच्या माथी गेला.

आता थेट १९२९. एरिष केस्टनर यांचं ‘एमिल आणि गुप्तहेर’. इथे जंगल नाही, चेटकीण नाही. बर्लिन आहे, ट्राम आहे, टेलिफोन आहे. एमिलला वडील नाहीत, आई लोकांचे केस धुऊन-विंचरून घर चालवते. तिने दिलेले १४० मार्क आगगाडीत चोरीला जातात आणि शहरातली मुलं एकत्र येऊन चोराला पकडतात. मुलं स्वतः विचार करतात, मिळून निर्णय घेतात, असा विश्वास त्या पुस्तकात आहे. चारच वर्षांनी, १० मे १९३३ ला, बर्लिनमध्ये केस्टनर यांची पुस्तकं जाळली गेली आणि ते स्वतः गर्दीत उभे राहून बघत होते.

१९३८ मध्ये न्यूरेनबर्गहून ‘विषारी अळंबी’ हे पुस्तक निघालं. पुन्हा तेच जंगल, आई आणि मूल. पण आता आई अळंबी गोळा करता करता मुलाला ज्यूंचा द्वेष शिकवते. गोड चित्रं, सोपी भाषा. बालसाहित्य म्हणजे निरागस काहीतरी, असं वाटत असेल तर हे पुस्तक आठवा. मुलांवर विश्वास ठेवता येतो, तसा त्यांचा वापरही करता येतो.

आता एक गोष्ट तुमच्या जवळची. ज्युडिथ कर नऊ वर्षांची असताना, १९३३ मध्ये, तिच्या ज्यू कुटुंबाला बर्लिन सोडावं लागलं. स्वित्झर्लंड, फ्रान्स, मग १९३६ मध्ये इंग्लंड. वडील नामवंत नाट्यसमीक्षक, पण त्यांची सगळी ताकद जर्मन भाषेत होती आणि परदेशात तिला गिऱ्हाईक नव्हतं. मुलीची भाषा मात्र इंग्रजी झाली. मागे राहिलेल्या गुलाबी सशाची आणि त्या प्रवासाची कादंबरी तिने १९७१ मध्ये लिहिली, तीही इंग्रजीत. दोन वर्षांनी ती जर्मनमध्ये आली, १९७४ मध्ये तिला जर्मन युवा साहित्य पुरस्कार मिळाला, आणि जर्मन शाळांत मुलं ती वाचू लागली. म्हणजे ज्या देशाने तिला हाकललं, त्याच देशातली मुलं आपला इतिहास तिच्याकडून शिकली, अनुवादातून.

आईबाबांची भाषा एक आणि आपली दुसरी, हे काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की आपल्यापैकी बहुतेकांच्या घरच्यांनी देश आपणहून सोडला.

पुढच्या वेळी घरी गेलात की कपाटातलं लहानपणीचं एखादं पुस्तक काढा. मराठी असो वा इंग्रजी. आणि तीन प्रश्न विचारा. यातलं ‘चांगलं मूल’ कसं आहे? भीती कुणाची दाखवली आहे? आणि कोण यात दिसतच नाही? तिसऱ्या प्रश्नावर जरा जास्त वेळ थांबा.