वजन कमी, तरी चरबी जास्त: पुण्याजवळच्या सहा गावांनी काय शिकवलं?

मधुमेह म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सुटलेलं पोट, बैठं काम, गोडधोड आणि चाळिशी ओलांडलेलं वय. आता हे आकडे बघा. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या सहाशेहून जास्त मुलामुलींची वयाच्या १८व्या वर्षी तपासणी झाली. त्यातली जवळपास निम्मी सरळसरळ कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांचं शरीर साखर नीट हाताळू शकत नव्हतं. त्यातले बहुतेक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते.

पोट सुटलेलं नाही, वय कोवळं, मग हे आलं कुठून? उत्तराचा मोठा भाग त्यांच्या जन्माच्या आधी सापडतो.

एका जुन्या वहीपासून सुरुवात

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून प्रत्येक बाळाचं जन्मावेळचं आणि एक वर्षाचं वजन वहीत लिहून ठेवायचे. त्या वह्या कित्येक दशकं तशाच पडून होत्या. साउथॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांच्या गटाने त्या शोधून काढल्या आणि त्यातली मुलं पुढे कशाने वारली हे तपासलं. १९८९ साली त्यांनी निष्कर्ष छापला: ज्या पुरुषांचं वजन जन्मावेळी आणि पहिल्या वर्षी सगळ्यात कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सगळ्यात जास्त होते.

तेव्हा अनेकांना हे पटलं नाही. साठीतल्या माणसाच्या हृदयाचा त्याच्या जन्मावेळच्या वजनाशी काय संबंध? पण आज या प्रश्नाभोवती संशोधनाची एक अख्खी शाखा उभी आहे.

मूळ कल्पना सोपी आहे. गर्भाला मिळणारं पोषण अपुरं असेल, तर तो काटकसर करतो. मेंदूला आधी, बाकीच्यांना नंतर. स्वादुपिंड, स्नायू, मूत्रपिंडं यांच्या वाट्याला कमी येतं. आणि काही अवयव घडायची वेळ ठरलेली असते. मूत्रपिंडातल्या गाळण्या जन्माआधीच तयार होतात. नंतर कितीही दूध-तूप खाल्लं तरी नव्या बनत नाहीत.

बाळ फक्त लहान नव्हतं

१९९३ मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सहा गावांत अभ्यास सुरू केला. वेगळेपण असं की, विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेच्या आधीच केली आणि पुढे बाळ जन्मल्यावर त्याचं मोजमाप केलं.

इथल्या बाळांचं सरासरी वजन होतं २.७ किलो, तर साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. एवढं अपेक्षितच होतं. नवल पुढे आहे. पुण्याच्या बाळांचं पोट, स्नायू सगळंच बारीक होतं, पण खांद्याच्या फऱ्याजवळ चिमटीत धरून मोजलेली त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे तुटवड्याची झळ स्नायूंना जास्त लागली, चरबीला कमी. दिसायला लुकडं, आतून चरबीयुक्त. याज्ञिकांनी याला ‘थिन-फॅट’ बाळ म्हटलं.

हेच मोठेपणीही दिसतं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर विसंबून ‘मी तर बारीक आहे, मला काय होतंय’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

पोटभर आणि पोषक यातला फरक

मग या आयांना फक्त जास्त जेवण हवं होतं का? तसं दिसलं नाही. एकूण कॅलरी किंवा प्रथिनं यांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. आणि कष्टांशीही: शेतातलं आणि घरातलं काम जितकं जास्त, तितकं बाळ लहान.

रक्ततपासणीत आणखी एक गोष्ट कळली. साधारण दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फोलेट मात्र जवळजवळ सगळ्यांमध्ये पुरेसं होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर ज्यांच्या आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. पेशीत ही दोन जीवनसत्त्वं जोडीने काम करतात. जनुकं चालू-बंद ठेवणारे रासायनिक शिक्के बनवायला दोघंही लागतात. बी-१२ नसेल तर फोलेट अडकून पडतं.

इथे एक इशारा. याचा अर्थ ‘फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करा’ असा मुळीच नाही! बाळाच्या मज्जारज्जूतले गंभीर दोष टाळायला त्या आवश्यक आहेत. मुद्दा इतकाच की, सोबत बी-१२ कडेही डॉक्टरांनी पाहावं, विशेषतः शाकाहारी स्त्रियांमध्ये.

हे सिद्ध झालंय का?

वरचे संबंध निरीक्षणातून आलेत. कारण सिद्ध करायचं तर प्रयोग लागतो. मुंबईच्या वस्त्यांमध्ये असा प्रयोग झाला: स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाज्या, फळं आणि दुधापासून केलेला एक खाऊ दिला, तर दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्याचा. एकूण सगळ्यांचा विचार केला तर जन्मवजनात ठोस फरक पडला नाही. पण गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आलं. आणि ज्यांनी दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड होती.

४८ ग्रॅम म्हणजे फार नाही. पण वेळेबद्दल ते बरंच सांगतात. आपल्याकडे गर्भारशीचं कौतुक जोरात सुरू होतं ते सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाला. तोवर वार तयार झालेली असते, बाळाचे बहुतेक अवयव आकाराला आलेले असतात. गरज त्याच्याही कितीतरी आधी असते.

शेवटी दोन गोष्टी. एक, जन्मवजन म्हणजे विधिलिखित नाही. अशा मुलांमध्ये धोका जास्त असतो, म्हणून त्यांची साखर आणि रक्तदाब लवकर तपासायला हवा. दोन, हे वाचून कुणी सुनेच्या ताटाकडे बोट दाखवू नये. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणारी, गरोदरपणातही शेतात राबणारी बाई हे तिने एकटीने निवडलेलं नसतं. आज चौदा वर्षांच्या असलेल्या मुलीला दूध आणि पालेभाजी भावाइतकीच मिळते का, हा प्रश्न पुढच्या पिढीच्या मधुमेहाचाही आहे. आणि तो अख्ख्या घराने सोडवायचा आहे.