मेमो ते पीआयपी

1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक म्हणजे ठाण्याची वागळे इस्टेट. तिथल्या पहिल्या पिढीचं इंग्रजी शॉपफ्लोअरवर घडलं. फोरमन, सुपरवायझर, वर्क्स मॅनेजर, पर्सोनेल ऑफिसर ही उतरंड सातवी शिकलेल्या फिटरलाही तोंडपाठ. मेमो, चार्जशीट, एन्क्वायरी, लेऑफ, लॉकआउट हे शब्द तो वकिलासारखे काटेकोर वापरी. सगळे भांडणाचेच शब्द. पण त्यांच्यावर घरातली चूल अवलंबून होती.

आणि पदनाम नुसतं पाटीवर लिहायला नव्हतं. औद्योगिक विवाद कायद्यात 1956 साली झालेल्या दुरुस्तीनुसार देखरेखीचं काम करणाऱ्याचा पगार महिना 500 रुपयांपुढे गेला की तो कायद्याच्या लेखी 'कामगार' उरत नसे. ही मर्यादा पुढे 1600 आणि 2010 साली 10,000 झाली. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत ती 18,000 आहे. व्यवस्थापनाचं काम करणारा तर पगार कितीही असो, बाहेरच. त्यामुळे कारकुनाला 'ऑफिसर' केलं की डोंबिवलीच्या चाळीत पेढे वाटले जात आणि तिकडे युनियनच्या यादीतलं एक नाव कमी होई. न्यायालयांनी वारंवार बजावलं की पदाचं नाव नव्हे, प्रत्यक्ष काम पाहायचं. पण नोकरी सांभाळून कोर्टाची पायरी चढणार किती जण?

नव्वदीनंतर पर्सोनेलचं एचआर झालं आणि व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, हा शब्द घरोघरी पोचला. कल्याणजवळच्या मोहन्याची एनआरसी ही रेयॉनची कंपनी 2009 मध्ये बंद पडली, ठाण्यातल्या रेमंडच्या जागेवर टॉवर आले, वागळेत आयटी पार्क. आता कल्याणहून निघणाऱ्या गाडीत कानावर पडतं ते टीम लीड, रिपोर्टिंग मॅनेजर, स्किप लेव्हल, अप्रेझल, एस्कलेट. साहेब गेले, वरिष्ठाला सरळ नावाने हाक मारतात. ते मला आवडतंही. मात्र हाताखाली एकही माणूस नसलेले 'मॅनेजर' या पिढीने जितके पाहिले, तितके आधीच्या दोन पिढ्यांनी मिळून पाहिले नसतील.

शिक्षेची भाषाही मवाळ झाली. मेमो दरडावून येई, पण त्याला उत्तर देता येई आणि चौकशीला युनियनचा माणूस सोबत नेता येई. पीआयपी म्हणजे कामगिरी सुधारण्याचा आराखडा. तो गोड शब्दांत मेलवर येतो, आणि पुष्कळदा माणूस मुदत संपायच्या आतच स्वतःहून राजीनामा देतो. चार्जशीट नाही, एन्क्वायरी नाही, कुठे नोंदही नाही. मला विचाराल तर तो उद्धट मेमो जास्त प्रामाणिक होता.

म्हणून नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: नेमणूकपत्र हाती आलं की पदनामावर खूश होण्याआधी खालचं कामाचं स्वरूप वाचा, त्याची प्रत घरी ठेवा आणि पीआयपीचा मेल आलाच, तर उत्तर लेखीच द्या.