छोट्या कॅमेऱ्याला मूठ

सोनीचा पहिला आरएक्स१०० हातात घेऊन पाहा. २०१२ साली आलेला हा कॅमेरा; त्याच्या पुढच्या सहा आवृत्त्यांची जाडी थोडी वाढत गेली, पण रुंदी-उंची तीच राहिली. बॅटरी आणि कार्डासकट वजन २४० ग्रॅम, रुंदी दहा सेंटिमीटर, उंची जेमतेम ५८ मिलिमीटर. शर्टाच्या नाही, तरी पँटच्या खिशात आरामात जातो आणि फोटोही उत्तम काढतो. अडचण एकच: समोरची बाजू इतकी सपाट आणि गुळगुळीत आहे की बोट अडकवायला कुठे आधारच नाही.

एवढ्याशा वजनाला कसला आधार, असं वाटेल. पण अर्धा तास एका हाताने फोटो काढत फिरलं की अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागतं. तर्जनी शटरच्या बटणावर असते. उरलेल्या तीन बोटांपैकी ५८ मिलिमीटरमध्ये दोनच नीट मावतात. करंगळी खाली लोंबत राहते किंवा कॅमेऱ्याच्या तळाखाली दुमडून घ्यावी लागते. म्हणजे सगळा भार मधलं बोट, अनामिका आणि मागचा अंगठा यांच्या चिमटीवर. सांडशीने पातेलं उचलणं आणि कढई कानाला धरून उचलणं यात जो फरक आहे तोच इथे आहे. सांडशीवरचा दाब क्षणभरही सैल करता येत नाही. कान मात्र बोटांवर नुसता पेलता येतो. शिवाय ज्या अंगठ्याने दाबून धरायचं त्याच अंगठ्याने मागची बटणंही चालवायची. आरएक्स१००चं व्हिडिओचं बटण नेमकं त्याच्या शेजारी आहे, त्यामुळे आपल्याच बुटांचे व्हिडिओ अनेकांच्या कार्डात सापडतात.

वरून बसवायची ग्रिप या चिमटीचं रूपांतर कानात करते. तिचं काम एवढंच. समोरच्या बाजूला, मधल्या बोटाच्या पेरासमोर एक उभी कड आली की कॅमेरा बोटांत अडकतो, अंगठा मोकळा होतो.

ही कल्पना नवी नाही. कॅननचा ए-१ हा १९७८चा फिल्म कॅमेरा. त्याच्या पुढच्या बाजूची छोटी ग्रिप नाण्याने स्क्रू फिरवून काढता येत असे, आणि बॅटरी बदलायची तर ती काढावीच लागे, कारण बॅटरीचं झाकण तिच्याच मागे होतं. पुढे मिनोल्टा ७०००मध्ये (१९८५) बॅटऱ्याच ग्रिपच्या आत गेल्या आणि कॅमेऱ्याला कायमची मूठ आली. आज मोठ्या कॅमेऱ्यांना ती जन्मतःच असते. छोट्या कॅमेऱ्यांना नसते, कारण ते खिशात सरकायला हवेत आणि दिसायलाही नेटके हवेत. फुजीफिल्मच्या एक्स-ई४ने (२०२१) तर पुढचा उंचवटा पूर्ण काढून अंग सपाट केलं, आणि त्याच कंपनीने त्याला लावायची धातूची ग्रिप आणि अंगठ्याचा टेकू वेगळे विकायला ठेवले. मला हा प्रकार थोडा गमतीचा वाटतो, पण ज्याला नको त्याच्यावर ग्रिप लादली नाही हेही खरंच.

ग्रिप निवडताना लोक आधी तिचा आकार आणि रंग बघतात. मी आधी खोली बघेन, म्हणजे ती कॅमेऱ्याच्या अंगापासून किती पुढे येते ते. याचा एक सोपा हिशेब आहे. बंद असतानाही छोट्या कॅमेऱ्याचं लेन्स आणि त्याभोवतीचं कडं अंगापासून काही मिलिमीटर पुढे असतं. खिशात शिरताना जाडी मोजली जाते ती या कड्यापर्यंतची. म्हणून ग्रिप कड्याइतकी किंवा त्याहून कणभर कमी पुढे आली, तर खिशाच्या दृष्टीने ती फुकट आहे. कॅमेरा पूर्वीइतकाच जाड राहिला. कड्याच्या पुढे गेलेला प्रत्येक मिलिमीटर मात्र खिशातून वसूल होतो. कॅमेरा टेबलावर उताणा ठेवा, लेन्सच्या कड्यावर पट्टी आडवी टेकवा आणि पट्टी व अंग यांच्यामधली फट मोजा. ती तुमची मर्यादा. फक्त पिशवीतून किंवा गळ्यात अडकवून कॅमेरा नेणाऱ्याने ही मर्यादा खुशाल मोडावी.

दुसरं माप आडवं आहे: ग्रिप आणि लेन्सचं कडं यांच्यामधली जागा. बोटांची टोकं ग्रिपला वळसा घालून इथेच येतात. जागा कमी पडली तर नखं कड्यावर घासतात, आणि आरएक्स१००सारख्या कॅमेऱ्यात ते कडं फिरवायचं असतं, त्यामुळे नकळत सेटिंगही बदलतं. जाडजूड ग्रिप दुकानात हाताला भरीव लागते, पण छोट्या कॅमेऱ्यावर तीच बोटांची जागा खाते. बारीक, कडेला नेमकी वळलेली ग्रिप जास्त उपयोगी. जाड ग्रिपचा खरा फायदा सांधे दुखणाऱ्यांना होतो, कारण त्यांना चिमटीचा जोर लावणंच अवघड जातं.

विकत घेण्याआधी किंवा चिकटवण्याआधी एक प्रयोग जरूर करावा. मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्या. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला स्वयंपाकघरात भांडी झाकायला वापरतात ती पारदर्शक फिल्म ताणून लावा, तिच्यावर क्लेची बोटभर वळी दाबा आणि कॅमेरा नेहमीसारखा धरा. मग वळी सरकवत राहा. कडेला फार गेली तर तळहात मागच्या बटणांवर येतो; लेन्सकडे फार गेली तर तर्जनी शटरपर्यंत ताणावी लागते. कुठेतरी एक जागा अशी येते की अंगठा उचलला तरी कॅमेरा पडत नाही. (हा प्रयोग गादीवर बसून करावा.) त्या जागेच्या कडांना मास्किंग टेपचे दोन तुकडे लावून खूण करा. तयार ग्रिपच्या सोबत आलेल्या कागदावरची जागा बहुतेक वेळा ठीक असते, पण ती सरासरी हातासाठी असते.

आता बसवायचं कसं? इथे कॅमेऱ्याची कातडीच निर्णय देते. पुढची बाजू गुळगुळीत धातूची असेल तर चिकटवायची ग्रिप छान बसते. सोनी स्वतः आरएक्स१०० मालिकेसाठी एजी-आर२ नावाची अशी ग्रिप विकते. पण पुढे चामड्यासारखं खरखरीत आवरण असेल, जसं जुन्या धाटणीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना असतं, तर टेप फक्त उंचवट्यांच्या टोकांना धरते आणि काही दिवसांत सुटते. तिथे तळाशी स्क्रूने बसणारी ग्रिप घ्यावी.

चिकटवायच्या ग्रिपखाली बहुधा फोमसारखी दुहेरी टेप असते. थ्रीएमची व्हीएचबी ही त्यातली नावाजलेली. ही टेप दाबाने काम करते. तिचा मऊ अॅक्रिलिक थर पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत हळूहळू उतरतो आणि जितका उतरेल तितकी पकड वाढते. साधारण खोलीच्या तापमानाला वीस मिनिटांत निम्मी पकड येते, एका दिवसात नव्वद टक्के आणि पूर्ण पकड यायला ७२ तास जातात. म्हणून शुक्रवारी रात्री चिकटवून शनिवारी पहाटे गडावर जाऊ नये. पृष्ठभाग पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावं, निम्मं पाणी मिसळून. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात. बोटांच्या तेलाचा अदृश्य थर हा टेपचा सगळ्यात मोठा शत्रू, त्यामुळे पुसल्यावर त्या जागेला पुन्हा हात लावायचा नाही. कापडावर दोन थेंब घ्यावेत, कॅमेऱ्यावर ओतू नये. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत असाल तर पुसल्यावर पंख्याखाली नीट वाळू द्यावं. मग खुणेवर एक कड टेकवून ग्रिप गुंडाळत नेल्यासारखी बसवायची आणि अंगठ्याने सगळीकडून जोरात दाबायची. एकदा टेकली की सरकवता येत नाही.

अशी टेप किती टिकते हे तिच्यावर भार कसा येतो यावर ठरतं. खाली ओढणारा किंवा सरळ दाबणारा जोर ती मजेत सोसते. कडेपासून सोलून काढणारा जोर मात्र तिला जमत नाही. फोटो काढताना बोटं ग्रिपला आत दाबतात आणि वजन खाली ओढतं, त्यामुळे तिथे भीती नाही. भीती असते ती घट्ट जीन्सच्या खिशातून ग्रिपच्या कडेला नख लावून कॅमेरा खेचताना. खिशातून काढताना कॅमेऱ्याचं अंग धरावं.

काढायची वेळ आली तर स्क्रूड्रायव्हर खुपसू नये. हेअर ड्रायरने कोमट करून दातांचा फ्लॉस ग्रिपमागे घालायचा आणि करवतीसारखा पुढेमागे ओढायचा. उरलेली टेप अंगठ्याने घासली की तिच्या गोळ्या होऊन निघते. शेवटचा चिकटपणा आयपीएने जातो. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर रंगाला आणि प्लॅस्टिकला खातात, ते लांब ठेवावेत.

स्क्रूच्या ग्रिपचं जग वेगळं. ती तळाच्या ट्रायपॉडच्या भोकात बसते. जगभर बहुतेक कॅमेऱ्यांत हे भोक पाव इंची असतं, इंचाला वीस आटे. त्यामुळे स्क्रू कुठलाही बसतो, पण लांबी बघावी लागते. भोक उथळ असतं आणि लांब स्क्रू आवळत गेलं तर त्याचं टोक बुडाला टेकून जोर लावतं. एकाच स्क्रूवर बसलेली ग्रिपची तळाची पट्टी हाताच्या जोराने त्याच्याभोवती फिरू पाहते. म्हणून पट्टीला कॅमेऱ्याच्या कडेला घट्ट लागणारी एखादी उभी किनार किंवा खुंटी आहे का ते पाहावं. नसेल तर पट्टीच्या आतून पातळ रबराचा तुकडा लावला की फिरणं बरंच कमी होतं. स्क्रू जोर काढून आवळला म्हणून पट्टी थांबत नाही, भोकाचेच आटे जातात.

आरएक्स१००ची बॅटरी आणि कार्ड दोन्ही तळाच्या एकाच झाकणाखाली आहेत. पट्टीत तिथे खिडकी नसेल तर प्रत्येक वेळी स्क्रू काढायचा, म्हणजे १९७८चं नाणं पुन्हा हातात आलं. ऑलिंपसने ई-एम१०च्या ग्रिपला यासाठी चाप दिला होता, तो दाबला की मूठ पट्टीवरून सुटायची आणि बॅटरी मोकळी व्हायची. मला माहीत असलेल्या उपायांत हा सगळ्यात शहाणा. खिडकी अपुरी असेल तर अॅल्युमिनियमची पट्टी कानशीने घासून ती मोठी करता येते. फक्त पट्टी कॅमेऱ्यावरून पूर्ण उतरवून, दुसऱ्या खोलीत. धातूचा कीस वीज वाहून नेतो आणि बटणांच्या फटीत शिरला तर बाहेर काढता येत नाही. घासल्यावर झाकण पूर्ण उघडतं का आणि कार्ड नखाने दाबून काढता येतं का, हे दोन्ही तपासावं. ट्रायपॉड वापरणाऱ्याने पट्टीच्या तळाला तिरक्या कडा आहेत का तेही बघावं. अशी साधारण ३८ मिलिमीटर रुंद पट्टी अर्का-स्विस पद्धतीच्या हेडमध्ये थेट बसते, वेगळी प्लेट लागत नाही.

बाजारात मनासारखं काही मिळालं नाही तर घरी करता येतं. क्लेचा प्रयोग आधी केलाच आहे. आता क्लेच्या जागी एमसील घ्यायचं. हातमोजे घालून दोन्ही भाग सारखे मिसळा, फिल्म लावलेल्या कॅमेऱ्यावर वळी बसवा, ओल्या बोटांनी आकार द्या आणि मग हलक्या हाताने कॅमेरा धरा म्हणजे बोटांचे ठसे उमटतील. पूर्ण कडक झाल्यावर गोळा अलगद सुटतो, आणि त्याची मागची बाजू कॅमेऱ्याच्या अंगाचा हुबेहूब साचा असते. पॉलिश पेपरने कडा गोल करा, काळा रंग द्या, किंवा बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप कापून वरून गुंडाळा; घामट हाताला ती रंगापेक्षा बरी. मग मागे व्हीएचबी.

थ्रीडी प्रिंटिंगवाल्याकडून करून घ्यायची असेल तर पीएलए हे प्लॅस्टिक नको म्हणून सांगा. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. पीईटीजी जास्त तग धरतं.

कॅमेऱ्याच्या वरच्या फ्लॅशच्या खाचेत बसणारा अंगठ्याचा टेकू हा तिसरा मार्ग, आणि पुढची ग्रिप न लावता तोच बसवला तरी बऱ्याच जणांचं भागतं. तो बसवला की वरून फ्लॅश लावता येत नाही, आणि काही कॅमेऱ्यांना खाच भरलेली दिसली की अंगचा फ्लॅशही बंद होतो. मागची डायल त्याच्याखाली झाकली जात नाही ना, तेवढं दुकानातच फिरवून बघावं.

ग्रिप लागली म्हणून मनगटाचा पट्टा काढून ठेवू नये. उलट तो ग्रिपच्या बाजूच्या कडीत ओवून एवढा आखूड ठेवावा, की मूठ उघडली तरी कॅमेरा बोटांच्या टोकांपाशीच थांबेल.