डिलीट केलं, तरी डिस्क भरलेलीच

मागच्या वेळी शेवटी एक प्रश्न आला होता: टेबलातले निम्मे रेकॉर्ड डिलीट केले, तरी डिस्कवर जागा का झाली नाही? आज पोस्टग्रेसपुरतं त्याचं उत्तर बघूया.

पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलेला रेकॉर्ड लगेच जात नाही. अपडेटमध्येसुद्धा नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी तिथेच राहते, कारण आधी सुरू झालेल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला ती दिसायला हवी असते. मग व्हॅक्यूम येतो आणि कुणालाच नको असलेल्या प्रतींची जागा मोकळी करतो. पण ती मिळते त्याच टेबलाला. ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत जातात ती सहसा फाइलच्या शेवटची पूर्ण रिकामी पानं. एसटीतले मधले प्रवासी उतरले म्हणून गाडी काही आखूड होत नाही, तसंच हे.

'व्हॅक्यूम फुल' टेबल नव्याने लिहून काढतं, पण तोवर साधं सिलेक्टही चालत नाही. म्हणून आपण पीजी-रिपॅक घेतो. ते शेजारी नवं टेबल बांधतं, दरम्यानचे बदल ट्रिगर लावून टिपतं आणि शेवटी अदलाबदल करतं. टेबलाला प्रायमरी की किंवा नॉट नल युनिक इंडेक्स मात्र हवा.

आता गंमत अशी, की जागा मोकळी करायलाच जागा लागते! नवं टेबल आणि त्याचे इंडेक्स जुन्याच्या शेजारी मावायला हवेत. डिस्क 95 टक्के भरल्यावर जाग आली, तर आपण आधी इंडेक्सकडे वळतो. आवृत्ती 12 पासून 'रीइंडेक्स कॉन्करंटली' आहे; लहान इंडेक्सपासून सुरुवात करायची, एकातून सुटलेली जागा पुढच्याला कामी येते.

दुसरी गोष्ट लॉकची. अदलाबदलीला क्षणभर पूर्ण लॉक लागतो. तो मिळाला नाही, तर पीजी-रिपॅक डिफॉल्टने 60 सेकंद थांबतं आणि मग आड येणाऱ्या क्वेरी सरळ रद्द करतं. अकाउंट्सवाल्यांचा महिनाअखेरचा रिपोर्ट असा मध्येच मेला, तर फोन आपल्यालाच येणार. तेव्हा 'नो किल बॅकएंड' हा पर्याय आठवणीने द्या.

आणि हे सगळं करण्याआधी पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी बघा. कुणाचं तरी ट्रान्झॅक्शन सकाळपासून उघडंच असेल, तर त्यानंतर मेलेले रेकॉर्ड व्हॅक्यूमला हलवता येत नाहीत. शिवाय ऑटोव्हॅक्यूम डिफॉल्टने टेबलाचा सुमारे 20 टक्के भाग मेल्यावर जागा होतो. 10 कोटी रेकॉर्ड असतील, तर 2 कोटी मेल्यावर! मोठ्या टेबलांसाठी आम्ही तो आकडा 1-2 टक्क्यांवर आणतो, तेही टेबलागणिक वेगळा.