कोणती जात, कोणते कॉलेज?

शिक्षणाच्या समाजशास्त्राचा आढावा म्हटले की आपल्याकडे कोठारी आयोगापासून सुरुवात होते आणि १९८६च्या धोरणापाशी लेख संपतो. आयोग आणि धोरणे ज्याची त्याने वाचावीत. मला लिहायचे आहे ते सुमा चिटणीस यांच्या कामाबद्दल.

त्यांच्याआधी हे रान कोणी नांगरलेच नव्हते, असे नाही. शाळा सुटलेली मुले पुन्हा निरक्षर होतात का, हे धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यात तपासले होते. आय. पी. देसाई यांचे पुण्यातल्या हायस्कूल विद्यार्थ्यांवरचे पुस्तक १९५३चे. पुढे मा. स. गोरे, देसाई आणि चिटणीस एकत्र आले. १९६७ला लेखसंग्रह निघाला, १९७०ला एनसीईआरटीने अखिल भारतीय पाहणीचा अहवाल छापला. तो कष्टाने केलेला आहे, पण रूक्ष आहे, पुढे जाऊ.

माझ्या मते खरी झेप १९७२ची. अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणावरचा चिटणीसांचा लेख त्या वर्षी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या १९४४पासून चालू होत्या, कॉलेजात जाणाऱ्यांचा आकडा वाढत होता आणि त्या वाढीवरच सगळे समाधानी होते. चिटणीसांनी त्या आकड्याच्या आत पाहिले. अनुसूचित जातींपैकी नेमक्या कोणत्या जातीची मुले येतात? आणि येतात ती कोणत्या कॉलेजात? महाराष्ट्रापुरते उत्तर स्पष्ट होते: महार-नवबौद्ध पुढे, मांग फार मागे. त्यामागे चळवळ होती. बाबासाहेबांनी १९४५ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ला सिद्धार्थ कॉलेज उभे राहिले, नंतर औरंगाबादला मिलिंद. ज्या समाजाने ही हाक ऐकली तो शिकला. पण शिकणारी मुले बहुतांशी मोजक्याच कॉलेजांत एकवटत होती. प्रवेश मिळाला तरी समान संधी मिळतेच असे नाही, ही गोष्ट इतक्या नेमकेपणाने मी तोवर कुठे वाचली नव्हती.

हा लेख मी एम.ए.ला वर्षानुवर्षे शिकवला. एका वर्षी तास संपल्यावर एक मातंग विद्यार्थी थांबला. त्याने सगळे आकडे वहीत उतरवून घेतले आणि पुढच्या सुट्टीत आपल्या तालुक्याच्या कॉलेजचे प्रवेशाचे दाखले चाळून तसाच तक्ता करून आणला. त्यात त्याच्या जातीच्या रकान्यात दोनच नावे होती, त्यातले एक त्याचे. समाजशास्त्र कशासाठी, असे मला कोणी विचारले की मी त्या तक्त्याबद्दल सांगतो.

अशी जातवार मोजणी दलितांच्या एकजुटीला तडा देते, असे म्हणणारे विद्वान तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला हे मुळीच पटत नाही. मागे राहिलेल्याला मोजायचे नाही, तर त्याच्या वाट्याला काय आले हे कळणार कसे? दुसरा आक्षेप असा की या पाहण्यांत सिद्धांत नाही. चिटणीसांचे ‘अ लाँग वे टु गो’ (१९८१) नीट वाचलेला माणूस असे म्हणणार नाही. जे. पी. नाईक समाजविज्ञान संशोधन परिषदेचे सदस्य-सचिव होते, त्या काळातला हा प्रकल्प. पंधरा राज्ये, हायस्कूल आणि कॉलेज दोन्हींचे विद्यार्थी, राज्याराज्यांतले वेगवेगळे संशोधक, आणि या साऱ्यातून एक सलग चित्र उभे करणाऱ्या चिटणीस. गरिबी जातीशी कुठे जुळते आणि जात गरिबीला कुठे मागे टाकते, हा प्रश्न त्या पुस्तकातून सारखा डोके वर काढतो.

पुढे त्या एसएनडीटीच्या कुलगुरू झाल्या. त्या कारभाराबद्दल इतरांनी लिहावे.

आज काय चित्र आहे? पीएच.डी.च्या प्रश्नावल्या मोबाईलवरून फिरतात, ज्याला सवड असेल तो भरतो, आणि ‘एससी’ हा एकच रकाना असतो. १ ऑगस्ट २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मुभा दिली. तेव्हापासून सभा झाल्या, अग्रलेख झाले, पण कोणत्या जातीची किती मुले कोणत्या कॉलेजात आणि कोणत्या शाखेत आहेत, याची पंधरा राज्यांची ताजी पाहणी कोणी हाती घेतलेली मी पाहिलेली नाही. विद्यापीठांच्या समाजशास्त्र विभागांनी ती आता तरी घ्यावी. सुरुवात महाराष्ट्रापासून करावी, आणि प्रश्नावली घेऊन विद्यार्थ्यांच्या घरी जावे.