हवेच्या उशा आणि ट्रेलरचे ओझे

रूट मार्चला पिट्टू पाठीवर घेतल्यावर पहिल्या दोन किलोमीटरमध्येच कळते की तो नीट भरला आहे की नाही. जड वस्तू पाठीपासून दूर, मागच्या कप्प्यात गेल्या तर वजन तेवढेच असूनही पिट्टू मागे खेचतो, टाचा दाबल्या जातात आणि आपण पुढे वाकून चालू लागतो. मागे जड ट्रेलर जोडलेल्या पिकअप गाडीचे अगदी असेच होते. फरक एवढाच की ती पुढे वाकू शकत नाही. तिचे नाक वर जाते आणि शेपूट खाली बसते.

मी मूळचा पनागरचा. जबलपूरपासून साधारण पंधरा किलोमीटरवर, कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावर आमचे गाव आहे. माझे पणजोबा जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात नोकरीला आले आणि घर तिकडेच झाले. हा कारखाना 1904 पासून चालू आहे. वाहन कारखाना 1969 चा. सैन्याचे शक्तिमान ट्रक पहिल्यांदा 1959 मध्ये जबलपूरलाच बनू लागले. त्यामुळे आमच्या भागात घरटी एक तरी माणूस असा सापडतो, जो गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल मत देत नाही. या लेखातील बरीचशी माहिती मला अशाच एका शेजारच्या आजोबांकडून मिळाली. ते सैन्याच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले ईएमईचे हवालदार आहेत.

माझ्या काकांचा लग्नसमारंभांना जनरेटर पुरवण्याचा व्यवसाय आहे. जनरेटर दोन चाकी ट्रेलरवर बसवलेला, एकूण वजन सुमारे 1500 किलो. तो ओढायला पिकअप. ट्रेलर जोडला की पिकअपचा मागचा भाग चांगला चार बोटे खाली बसायचा. रात्री हेडलाइटचा उजेड रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडायचा आणि समोरून येणारे चालक शिव्या देत जायचे.

काकांनी आधी सोपा उपाय केला. डिझेलची पिंपे आणि केबलची भेंडोळी ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवली. ट्रेलरचा मागचा भाग जड झाला, पुढचा दांडा हलका झाला आणि पिकअप सरळ दिसू लागली. त्याच दिवशी सिहोऱ्याकडे जाताना, मी शेजारच्या सीटवर असताना, एक बस बाजूने वेगात गेली आणि ट्रेलर डोलायला लागला. आधी थोडासा, मग साऱ्या गाडीला हिसके देत. काकांनी ब्रेक न मारता फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि स्टिअरिंग घट्ट सरळ धरले, म्हणून आम्ही वाचलो. तेव्हा ब्रेक दाबला असता तर ट्रेलरने पिकअपला आडवे फिरवले असते.

घरी आल्यावर आजोबांनी पहिला धडा दिला. दांड्यावर, म्हणजे हुकावर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के वजन यायलाच हवे. त्याहून कमी झाले की ट्रेलर शेपटासारखा हलतो. 1500 किलोच्या ट्रेलरसाठी हे वजन किमान 150 किलो होते. म्हणजे जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या थोडे पुढेच ठेवायचे. पिकअप खाली बसते म्हणून दांडा हलका करणे हा उपाय नव्हे.

मग काकांनी हवेच्या उशा बसवायचे ठरवले. इंग्रजीत त्यांना एअर बॅग म्हणतात, पण अपघातात स्टिअरिंगमधून फुगणाऱ्या पिशवीशी त्यांचा काही संबंध नाही. या जाड रबराच्या, आतून दोऱ्यांचे अस्तर असलेल्या पिशव्या असतात. मागच्या अ‍ॅक्सलवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक, चासी आणि पाट्यांच्या मध्ये त्या बसतात. पाटे काढायचे नसतात. उशी त्यांना फक्त हातभार लावते. हेच तत्त्व आरामबसमध्ये आणि मुंबईच्या नव्या लोकलच्या डब्यांखाली वापरलेले आहे. तिथे मात्र मुख्य भार हवाच पेलते आणि डब्याची उंची व्हॉल्व्ह आपोआप सांभाळतात.

उशी किती भार उचलते हे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या सूत्रावरूनच कळते: बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. उशीचे कामाचे क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर धरले आणि तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला 1 किलो दाब भरला, तर ती 100 किलो पेलते. पंक्चरवाल्याच्या मापात हा दाब सुमारे 14 पीएसआय होतो. दाब दुप्पट केला की भारही दुप्पट. उशी दबते तसे तिचे क्षेत्रफळ थोडे बदलते, म्हणून सूत्रावरून अंदाज बांधायचा आणि शेवटचा निर्णय टेपने उंची मोजून घ्यायचा.

आता खरा प्रश्न. हुकावर 150 किलो आले म्हणजे मागच्या चाकांवर 150 किलोच वाढले का? नाही. हूक मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे तरफ तयार होते. समजा पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधील अंतर 3 मीटर आहे आणि हूक मागच्या अ‍ॅक्सलपासून 1.2 मीटर मागे आहे. पुढच्या अ‍ॅक्सलभोवती आघूर्ण घेतले तर मागच्या अ‍ॅक्सलवर 150 गुणिले 4.2 भागिले 3, म्हणजे 210 किलो वाढतात. जास्तीचे 60 किलो येतात कुठून? पुढच्या चाकांवरून. सीसॉवर एक टोक दाबले की दुसरे उचलले जाते, तसेच. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग हलके लागते, पुढच्या ब्रेकची पकड कमी होते आणि ओल्या रस्त्यावर वळणात गाडी सरळ जाऊ पाहते.

आजोबांनी आम्हाला धर्मकाट्यावर नेले आणि पिकअपची पुढची व मागची चाके वेगवेगळी तोलली. ट्रेलर जोडण्याआधी पुढे 950 आणि मागे 1000 किलो. ट्रेलर जोडून, पण त्याची चाके काट्याबाहेर ठेवून, पुढे 890 आणि मागे 1210. बेरजेतला फरक 150, म्हणजे दांड्यावरचे वजन बरोबर होते. हिशेब जुळलेला पाहून मला फार आनंद झाला. पण खरी परीक्षा पुढे होती. उशा बसवून, हवा भरून, गाडी समपातळीत आल्यावर आम्ही पुन्हा काट्यावर गेलो. आकडे जवळपास तेच! पुढे 890, मागे 1210.

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. हवेची उशी गाडी उचलते, वजन उचलत नाही. ते वजन त्याच टायरांवर, त्याच अ‍ॅक्सलवर, त्याच बेअरिंगवर आणि त्याच ब्रेकवर राहते. उशीच्या खोक्यावर लिहिलेला मोठा आकडा रबराची ताकद सांगतो, आपल्या गाडीची नाही. गाडीची कुवत कंपनीच्या पट्टीवर आणि आरसी पुस्तकात लिहिलेली असते. ती उशीने एका किलोनेही वाढत नाही. उशा लावल्यावर "आता आणखी चार पोती बसतील" असे वाटणे हाच खरा धोका. मागे बसलेली गाडी निदान ओरडून सांगत असते की ओझे जास्त झाले. उशीने तिचे तोंड बंद होते.

मग उशा निवडायच्या कशा? पहिली गोष्ट, आपल्या गाडीची स्प्रिंग ओळखा. मागे गुंडाळीची स्प्रिंग असेल तर तिच्या आत बसणारी नळकांड्यासारखी उशी मिळते. तिचा दाब कमी असतो, बहुधा 35 पीएसआयच्या आत. पाटे असतील तर चासी आणि पाट्यांच्या मध्ये बसणारी, दोन वळ्यांची जाड उशी घ्यावी. ती साधारण 100 पीएसआयपर्यंत चालते. दुसरी गोष्ट, त्याच मॉडेलसाठी बनवलेले ब्रॅकेट घ्यावेत, म्हणजे चासीला भोके पाडावी लागत नाहीत. चासीवर वेल्डिंग तर करूच नये. तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, म्हणून बसवण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. जादा भारासाठी कलम 194 खाली 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे, तो वेगळाच.

बसवण्याचा क्रम आमच्या अंगणात असा झाला. गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी केली, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि चारही चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची वहीत लिहिली. चासी जॅकने उचलून घोड्यांवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही, हा आजोबांचा हुकूम होता. चासीखालचे रबरी ठोकळे काढले. वरचा ब्रॅकेट चासीला, खालचा पाट्यांना बसवून मध्ये उशी सरळ उभी केली. ती तिरकी बसली तर लवकर फाटते. फुगल्यावर तिच्याभोवती बोटभर जागा मोकळी राहील आणि ब्रेकचा पाइप घासणार नाही हे पाहिले. सायलेन्सर जवळ होता, म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा लावला. उशी बसवण्याआधी मोकळी फुगवू नये, ती फुटू शकते.

हवेची नळी धारदार पात्याने अगदी काटकोनात कापली. तिरकी कापलेली नळी जोडात नीट बसत नाही आणि हवा हळूहळू जाते. दोन्ही उशांच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह वेगळे ठेवले. एकाच नळीने जोडल्या तर वळणावर दाबल्या गेलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी अधिकच कलते. मग दोन्हींत 30 पीएसआय हवा भरून सर्व जोडांवर साबणाचे पाणी लावले. एका ठिकाणी बुडबुडे आले, तो जोड पुन्हा बसवला. रात्रभर ठेवून सकाळी दाब पुन्हा मोजला.

ट्रेलर जोडल्यावर हवा थोडी थोडी भरत उंची मोजली. मागचा भाग रिकाम्या उंचीपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही. आमच्या गाडीला रिकामी असताना 5 पीएसआय ठेवले आणि ट्रेलरसोबत सुमारे 20 लागले. रिकाम्या गाडीतही उशी पूर्ण सैल सोडत नाहीत, नाहीतर रबर घडीत चिमटते. डिसेंबरच्या थंडीत हवा आकुंचन पावते, म्हणून दुपारी भरलेली गाडी पहाटे थोडी बसलेली दिसते. निघण्यापूर्वी दाब पाहण्याची सवय हवी. काही शे किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळायचे.

सगळे झाले असे वाटले, तेव्हा आजोबा टॉर्च घेऊन गाडीखाली वाकले आणि एका बारीक सळईकडे बोट दाखवले. कित्येक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत अशी सळई असते. गाडी मागे बसली की व्हॉल्व्ह समजतो, ओझे आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. आता उशीने गाडी वर उचलली, म्हणजे व्हॉल्व्हला वाटणार गाडी रिकामी आहे! ओझे पूर्ण आणि मागचे ब्रेक अर्धवट. गाडी दिसायला सरळ, पण थांबायला लांब. दुसऱ्याच दिवशी काकांनी गाडी अधिकृत कार्यशाळेत नेली आणि ब्रेक तपासून सळई जुळवून घेतली. तोवर ट्रेलर जोडला नाही. त्या आठवड्यात एका लग्नाचे भाडे सोडावे लागले. काकू नाराज झाल्या, पण काका म्हणाले, "भाडे पुन्हा मिळेल."

पुढच्या चाकांवरून गेलेल्या 60 किलोंचे काय? उशी ते परत आणत नाही. काकांनी हौद्यातले सामान केबिनला चिकटून ठेवायला सुरुवात केली आणि डिझेलची दोन पिंपे कमी केली. परदेशात ट्रेलरचे वजन पुढच्या चाकांकडे वाटून देणारे खास हूक मिळतात. आपल्याकडे ओझे कमी करणे हाच सर्वांत स्वस्त हूक आहे.

मी आजोबांना विचारले, सैन्याच्या तोफा ओढणाऱ्या ट्रकना पाटेच का? ते म्हणाले, "पाटा तुटला तर दोरीने बांधूनही घरी येता येते. उशीला काटा लागला तर तिथेच बसावे लागते." म्हणून उशी हा मदतनीस आहे, मुख्य सैनिक नाही. ती फुटली तरी गाडी पाट्यांवर सुखरूप घरी यायला हवी, एवढेच ओझे भरावे.

सुट्टी संपवून शाळेत परतलो तेव्हा पिट्टू भरताना मी जड वस्तू पाठीला चिकटून ठेवल्या. परेडला ताठ उभे राहणे आणि पायांवर वजन नीट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला धर्मकाट्यावर कळले. तुमच्या घरी पिकअप किंवा ट्रेलर असेल, तर या सुट्टीत वडिलांना घेऊन एकदा काट्यावर जा. पुढची चाके वेगळी तोला, मागची वेगळी. आणि गाडीखाली ती बारीक सळई आहे का, हे टॉर्च घेऊन नक्की पाहा.