खोलीत निखारे ठेवून झोपू नका

निफाडकडं पारा उतरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, आणि रात्रीची लाईट असली की आपण पाणी भरायला बाहेर. पहाटे कुडकुडत मोटरीच्या खोलीवर यायचं, घमेल्यात निखारे घ्यायचे, दार लावायचं नि अंग टाकायचं. हीच सवय जीव घेते.

धूर नाही म्हणजे धोका नाही, असं आपण धरून चालतो. पण लालबुंद निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड वायू निघतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तात ऑक्सिजनची जागा तो बळकावतो. त्याची पकड ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. आपल्याला वाटतं, जागरणाचा शीण असेल. तशीच झोप लागली तर जाग येईलच असं नाही.

शेकायचं तर बाहेर, उघड्यावर. निखारे विझवूनच आत या. खिडकी किलकिली ठेवली म्हणून भरवसा धरू नका. बंद खोलीत डिझेल इंजिन चालू ठेवणंही तसंच. ऊब हवी तर ओले कपडे आधी बदला, कानटोपी घाला, घोंगडी घ्या. (दारूनं ऊब येते हा भ्रम आहे. कातडी गरम लागते, अंगातली उष्णता मात्र निघून जाते.)

कोणी बेशुद्ध दिसला तर दार-खिडक्या सताड उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन लावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच.

आज रात्री ज्यांची पाण्याची पाळी आहे, त्यांना हा मेसेज आत्ताच पाठवा.